अमानत आणि खियानत : जवळच्या माणसाचा विश्वासघात ओळखताना

भाड्याने घर घेताना आपण मालकाकडे 'अनामत' ठेवतो. वाचनालयात आणि निवडणुकीच्या अर्जासोबतही हाच शब्द चालतो. अरबी 'अमानत' मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल होऊन 'अनामत' झाला आणि इतका रुळला की त्याचे मूळ आता कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच धातूपासून निघालेला 'ईमान' हा शब्द मराठीने आणखी वेगळ्या तऱ्हेने आपलासा केला. धन्याशी एकनिष्ठ राहणारा तो 'इमानी', दगा देणारा तो 'बेइमान', आणि मन लावून सचोटीने केलेले काम ते 'इमानेइतबारे' केलेले. श्रद्धेचा शब्द व्यवहारातील सचोटीसाठी वापरला, यात मराठी भाषकांनी काही वावगे केले असे मला वाटत नाही. निर्धास्तपणा, सुरक्षितता हाच 'अ-म-न' या धातूचा मूळ अर्थ आहे, आणि हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेल्या एका हदीसचा आशयही असाच आहे की, ज्याच्या ठायी अमानत नाही त्याच्या ईमानात उणीव आहे.

अमानतीच्या उलट खियानत. चोरी आणि खियानत यांत एक मोठा फरक असतो. चोराला कुलूप तोडावे लागते. खियानत करणाऱ्याच्या हाती किल्ली आपणच दिलेली असते. म्हणून चोरीची तक्रार माणूस तासाभरात करतो आणि खियानत वर्षानुवर्षे उमगत नाही. उमगली तरी ओठांवर येत नाही, कारण समोरचा माणूस भाऊ असतो, मेहुणा असतो, कधी पती अथवा पत्नी असते, कधी पंचवीस वर्षांचा दोस्त असतो. पवित्र कुरआनने श्रद्धावंतांना अल्लाहशी, प्रेषितांशी आणि परस्परांच्या अमानतींशी जाणूनबुजून खियानत करण्यास मनाई केली आहे (सूरह अनफाल, आयत २७). त्याच कुरआनने पुष्कळशा शंका-कुशंकांपासून दूर राहण्याची, एकमेकांची गुपिते न हुंगण्याची आज्ञाही दिली आहे (सूरह हुजुरात, आयत १२). मग श्रद्धावंताने काय करावे? डोळे मिटून विश्वास टाकावा, की सतत संशयाने पाहावे? दोन्ही आज्ञांचे एकाच वेळी पालन कसे करावे, हाच आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

हा विषय निवडण्याचे कारण आपल्या परिसरात आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल, उरण, बेलापूर पट्ट्यातील भातशेती व मिठागरांचे रूप पालटत गेले. भूमिपुत्रांच्या संघर्षानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. पुढे विमानतळबाधितांसाठी साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज आले. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या जमिनीत आजोबांच्या काळी घरापुरता तांदूळ पिकत होता, तिची किंमत आज कोटींमध्ये बोलली जाते. जमिनीला भाव आला आणि सातबाऱ्यावरची नावे नात्यांहून मोठी झाली. दुसरीकडे, कोकणी मुस्लिमांच्या किती तरी घरांतील कमावते पुरुष दोन पिढ्या आखाती देशांत राहिले. त्यांनी घाम गाळून पाठवलेले पैसे इथल्या भावाच्या हाती आले, आणि सह्यांसाठी त्याच भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र झाले. यांतील बहुसंख्य भाऊ प्रामाणिक होते आणि आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. नाही तर हा लेखच संशयाचे बीज पेरायचा. पण जिथे अमानत मोठी, तिथे परीक्षाही मोठी.

ओळख कशाने पटते?

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसिद्ध कथन आहे. एका माणसाच्या साक्षीचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी विचारले, याला कोण ओळखतो? एकाने, मी ओळखतो, असे सांगितले. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू त्याचा निकटचा शेजारी आहेस का? त्याच्याशी तुझा पैशांचा व्यवहार झाला आहे का? त्याच्याबरोबर तू प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले, तेव्हा त्यांनी सांगितले की मग तू त्याला ओळखत नाहीस. काही कथनांत असेही येते की, तू त्याला मशिदीत नमाज पढताना पाहिले असशील, एवढेच.

मशिदीत इमामत करणाऱ्याने हे कथन लिहावे, हे कुणाला विचित्र वाटेल. पण पहिल्या सफमधील जागा हा चारित्र्याचा दाखला नाही, हे सांगण्याचे काम इमामाचेच आहे. नमाज बंद्याचे अल्लाहशी असलेले नाते आहे. ती पाहून आपण त्या माणसाविषयी चांगले मत बाळगावे. पण वडिलांच्या जमिनीचे मुखत्यारपत्र देण्यास तेवढे पुरेसे नाही. लग्न जुळवताना मुलाच्या दाढीवरून, मुलीच्या बुरख्यावरून निष्कर्ष काढणारे आणि मुलाने आजवर कुणाचे उसने पैसे कधी परत केले हे न विचारणारे पालक मला नेहमी भेटतात.

दांभिकाच्या (मुनाफिकाच्या) खुणा सांगणारी हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनात तीन खुणा येतात : बोलणे खोटे, वचन मोडणे, अमानतीत खियानत. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या कथनात चौथी येते : भांडण झाले की मर्यादा सोडणे. या दुसऱ्या कथनात एक महत्त्वाची गोष्ट आहे. यांपैकी एक सवय ज्याच्यात असेल, त्याच्यात ती सोडेपर्यंत दांभिकतेचा तेवढा अंश असतो, असा तिचा आशय आहे. ही हदीस आपण बहुधा दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी वापरतो. उलमांनी स्पष्ट केले आहे की इथे दांभिक वर्तनाचा उल्लेख आहे, एखाद्याला ईमानाबाहेर ठरवण्याचा परवाना नाही. प्रेषितांनी (स.) खुणा सांगितल्या त्या वागणुकीच्या, मनात काय आहे ते पाहण्याचे काम आपल्यावर सोपवलेले नाही. म्हणून विश्वासघात ओळखायचा तर तोंडावरचे भाव, नजर, आवाज यांच्या मागे न लागता बोलणे, वचन आणि हिशेब या तीन गोष्टी पाहाव्यात. याला शंका घेणे म्हणत नाहीत. हे पारखणे झाले.

चौथ्या खुणेकडे आपले दुर्लक्ष होते. गोडीगुलाबीच्या दिवसांत सगळेच बरे असतात. मतभेद झाल्यावर जो माणूस तुमची जुनी गुपिते चव्हाट्यावर मांडतो, त्याने ती मैत्रीच्या काळातही अमानत म्हणून ठेवलेली नव्हती. तो फक्त वेळेची वाट पाहत होता.

यूसुफ (अलै.) यांचे भाऊ

जवळच्यांच्या फसवणुकीचा सर्वांत सविस्तर धडा सूरह यूसुफमध्ये आहे. ही सूरह आपण कथा म्हणून ऐकतो आणि भावांच्या बोलण्याकडे पुरेसे लक्ष देत नाही. ते वडिलांकडे आले तेव्हा त्यांचे पहिले वाक्य मागणीचे नव्हते, तक्रारीचे होते. यूसुफच्या बाबतीत तुम्ही आमच्यावर विश्वास का टाकत नाही, आम्ही तर त्याचे हितचिंतकच आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होतो (आयत ११). हजरत याकूब (अलै.) यांनी अजून नकारही दिलेला नव्हता. भावांनी आधीच वडिलांना आरोपीच्या जागी उभे केले. आज एखादी बहीण विचारते, "दादा, वडिलांच्या जागेचं पुढे काय झालं?" आणि उत्तर येते, "म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा नाही तर!" साध्या प्रश्नाचे ज्या क्षणी अपमानात रूपांतर होते, त्या क्षणी सावध व्हावे. ज्याचा हिशेब स्वच्छ असतो, त्याला हिशेब मागितल्याचे थोडे वाईट वाटेलही, पण तो वही आणून समोर ठेवतो.

पुढे याकूब (अलै.) यांनी आपली भीती बोलून दाखवली : तुमचे लक्ष नसताना त्याला लांडगा खाईल. संध्याकाळी भाऊ परतले ते नेमके तेच कारण घेऊन. फसवणारा पुष्कळदा नवी गोष्ट रचत नाही. आपणच त्याला सांगितलेली भीती तो आपल्याला परत विकतो. "मुलींना दिलं तर जावई जमीन विकून टाकतील," ही आईची भीती असते, आणि काही वर्षांनी तीच भीती मुलाच्या तोंडी कारण म्हणून येते.

ते रडत आले, हेही कुरआनने नोंदवले आहे. अश्रू पुरावा नसतात, हे फकीह लोकांनी याच प्रसंगावरून काढले. आम्ही खरे बोललो तरी तुम्ही मानणार नाही, असेही ते न विचारता म्हणाले. शेवटी त्यांनी पुरावा आणला, रक्त माखलेला सदरा. भाष्यकार सांगतात की सदरा कुठेही फाटलेला नव्हता. लांडग्याने मुलगा खाल्ला आणि सदरा मात्र सांभाळला! तपशिलातील विसंगती याकूब (अलै.) यांना दिसली. तरीही त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी मुलांना खुनी म्हटले नाही, कारण खून झाल्याचा पुरावा नव्हता. तुमच्या मनाने काहीतरी रचून तुम्हाला सुंदर भासवले आहे, एवढेच ते म्हणाले आणि सब्र धरला. जेवढे दिसते तेवढेच त्यांनी म्हटले.

याच सूरहमध्ये यूसुफ (अलै.) यांचा सदरा पुन्हा पुरावा म्हणून येतो. अझीझच्या पत्नीने त्यांच्यावर आळ घेतला तेव्हा घरच्याच एका माणसाने निकष सांगितला : सदरा समोरून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. इथेही निकाल रडण्यावर, हुद्द्यावर, कुणाचा आवाज मोठा यावर झाला नाही. वस्तू पाहून झाला. घरातील वादात मध्यस्थी करणाऱ्या बुजुर्गांनी ही आयत (२६ ते २८) पुन्हा वाचावी. आपल्याकडे निकाल बहुधा मोठ्या आवाजाच्या बाजूने लागतो.

आणि आता सूरहमधील तो भाग, जो मला सर्वांत अस्वस्थ करतो. वर्षांनंतर भाऊ धाकट्या भावाला मिसरला नेण्याची परवानगी मागतात. याकूब (अलै.) यांना मागचा अनुभव आठवतो आणि या वेळी ते अल्लाहच्या नावाने पक्के वचन घेतल्याखेरीज मुलाला पाठवत नाहीत (आयत ६६). एका बिळातून श्रद्धावंत दोनदा दंश करून घेत नाही, या आशयाची हदीस आहेच. तिचे व्यवहारातील रूप हे. पण भाऊ धाकट्याविना परततात, आणि या खेपेला ते खरे बोलत असतात. गावाला विचारा, काफिल्याला विचारा, असे साक्षीदारही देतात. याकूब (अलै.) मात्र पूर्वीचेच शब्द उच्चारतात, की तुमच्या मनाने काहीतरी रचले आहे (आयत ८३). एकदा केलेल्या खियानतीची ही किंमत आहे : पुढे माणूस खरे बोलला तरी त्याचे खरे कुणाला खरे वाटत नाही.

वारसा, मुखत्यारपत्र आणि 'मी माझा हक्क सोडला'

आपल्या घरांत सर्वांत जास्त घडणारी आणि खियानत म्हणून सर्वांत कमी ओळखली जाणारी गोष्ट म्हणजे मुलींचा वारसाहक्क. सूरह निसाच्या ७ व्या आयतीने वारशात पुरुषांबरोबर स्त्रियांचाही वाटा ठरवला, मालमत्ता थोडी असो वा फार, आणि पुढच्या आयतींत हिस्से मोजून दिले. रोजा-नमाजाविषयी बारीकसारीक मसले विचारणारी घरेही इथे गप्प होतात. वडिलांच्या निधनानंतर चाळिसाव्याचे जेवण होते, पण तर्का वाटला जात नाही. तलाठ्याकडे वारस नोंद होते, तिथे कधी बहिणींची नावेच दिली जात नाहीत. कधी दिली जातात आणि लगोलग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या गर्दीत, "इथे सही कर, फक्त कागद पूर्ण करायचे आहेत," असे सांगून घेतलेली सही कायद्याने काय ठरेल ते न्यायालय सांगेल. शरीअतने ती रजामंदी नाही. कुणाचाही माल त्याच्या मनापासूनच्या खुशीशिवाय हलाल होत नाही, असा हदीसचा स्पष्ट आशय आहे. माहेर तुटेल या भीतीने दिलेली संमती ही खुशी नव्हे.

फिक्हची एक बाजू अनेकांना ठाऊक नसते. वारसाने नुसते तोंडाने 'मी माझा हक्क सोडला' असे म्हटल्याने वारशातील त्याची मालकी संपत नाही, असे हनफी फिक्हच्या ग्रंथांत नमूद आहे. वारसा मागितल्याने मिळत नाही आणि नाकारल्याने जात नाही. तो मृत्यूच्या क्षणी आपोआप मालकीत येतो. म्हणून आपल्या उलमांनी वारंवार सांगितले आहे की आधी बहिणीचा हिस्सा मोजून तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर ती स्वखुशीने भावाला देणगी देते की नाही, ते पाहावे. ज्या भावांना, "आमच्या बहिणींनी हसत सोडलं हो," असे वाटते, त्यांनी हा प्रयोग करून पाहावा. कोकणात आपण बरेचसे शाफई आहोत. तपशिलासाठी आपापल्या मुफ्तींना विचारावे. पण दबावाखालची रजामंदी कोणत्याच मसलकमध्ये रजामंदी नाही.

मुखत्यारपत्राचेही तसेच. फिक्हमध्ये वकील हा अमीन असतो. परदेशातील भावाच्या पैशाने घेतलेला गाळा मुखत्याराने स्वतःच्या किंवा पत्नीच्या नावे केला, आणि 'धावपळ मी केली' असे कारण दिले, तर ती धावपळीची मजुरी नव्हे, खियानत आहे. मजुरी हवी होती तर आधी ठरवायची होती. उलट बाजूही सांगतो. परदेशातील भावाने दहा वर्षे इथल्या भावाकडून फुकट कामे करून घ्यायची, आईवडिलांची दवापाणी त्याच्यावर टाकायची आणि शेवटी हिशेबाची वही मागायची, हेही न्यायाचे नाही. अशा घरांत खियानत बहुधा एका दिवसात होत नाही. आधी नाराजी साचते, मग 'माझाही हक्क आहे' असे मन समजूत घालते, आणि मग सही होते.

कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे (सूरह बकरा, आयत २८२). लिहिणारा कसा असावा, साक्षीदार किती असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, इतका तपशील तिथे आहे. अल्लाहने लिहिण्याचा आदेश अनोळखी व्यापाऱ्यांपुरता दिला नाही. 'आपल्यात कसला कागद' हे वाक्य आपण प्रेमाचे समजतो. कुरआनच्या दृष्टीने ते निष्काळजीपणाचे आहे. भावाला दिलेल्या पैशाची चिठ्ठी ही भावावरच्या अविश्वासाची खूण नसते. उद्या दोघांपैकी एक मरण पावला तर त्यांच्या मुलांत वैर होऊ नये, यासाठी ती असते.

अमानत घरापुरती राहिली नाही की काय होते, हे पनवेलने पाहिले आहे. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. बनावट कर्जखात्यांतून ५०० कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा तपास यंत्रणांचा आरोप आहे. त्यात कोण किती दोषी, हे न्यायालयाने ठरवायचे आहे. ठेव विम्यामुळे ५ लाखांपर्यंतची रक्कम सुरक्षित होती. त्याहून अधिक ठेवणाऱ्यांत जमिनीचा मोबदला आणि निवृत्तीची पुंजी ठेवलेली माणसे होती. व्याजाचा प्रश्न वेगळा आहे, तो इथे काढत नाही. मुद्दा एवढाच की बँक आपल्या गावची आणि माणसे ओळखीची, हाच अनेकांच्या विश्वासाचा पाया होता. आपल्या मोहल्ल्यातील भिशी आणि जमाअतचे बैतुलमालही ओळखीवरच चालतात. तिथे वर्षातून एकदा हिशेब भिंतीवर लावला जातो का? लावा म्हणणाऱ्याला आपण फितना करणारा तर म्हणत नाही ना?

स्थळाची चौकशी

लग्न जुळवताना लपवलेला आजार, आधीचा निकाह, नोकरीविषयीचे खोटे ही सरळ फसवणूक आहे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून प्रेषितांनी (स.) आतला ओलावा बाहेर काढला आणि फसवणारा आमच्यातला नाही, या आशयाची ताकीद दिली. ढिगाच्या वरच्या थराने दिसणारा सुकेपणा हीच फसवणूक होती; तो व्यापारी तोंडाने काही खोटे बोललाही नव्हता. स्थळ दाखवताना वरचा थर दाखवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आणि चौकशीला आलेल्यांपासून खरे लपवणारे शेजारीही. "कशाला कुणाची गीबत करा," असे म्हणून आपण गप्प बसतो. हजरत फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आपल्याला आलेल्या दोन मागण्यांविषयी सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकाची गरिबी आणि दुसऱ्याचा काठी खाली न ठेवण्याचा स्वभाव उघड सांगितला, आणि तिसरे नाव सुचवले. सल्ला विचारणाऱ्याला गरजेपुरते खरे सांगणे गीबत नाही, असे इमाम नववी (रह.) यांनी लिहिले आहे. गरजेपुरते, हा शब्द मात्र विसरू नये. त्या मुलाच्या बहिणीच्या तलाकची कथा त्यात येत नाही.

आळ घेण्याआधी

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि माझ्या मते अधिक धोक्याची. खियानतीच्या भीतीने माणसे निरपराधांवर आळ घेतात. मदीनेत बनू उबैरिक या कुटुंबातील एकाने चिलखत चोरले आणि आळ दुसऱ्यावर ढकलला. अनेक भाष्यकारांच्या मते तो दुसरा एक यहूदी होता. चोराचे नातेवाईक आपल्या माणसाची बाजू मांडायला पुढे आले. तेव्हा सूरह निसाच्या १०५ व्या आयतीपासून पुढच्या आयती अवतरल्या : खियानत करणाऱ्यांची वकिली करू नका, स्वतः गुन्हा करून तो निरपराधाच्या माथी मारणारा मोठे पाप उचलतो. निरपराध आपल्या जमातीचा नव्हता, दोषी आपल्यातला होता. आयत निरपराधाच्या बाजूने आली. 'आपला माणूस' म्हणून पाठीशी घालणे हीही खियानतीत भागीदारी आहे.

जमिनीच्याच एका आळाची घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. अरवा नावाच्या स्त्रीने हजरत सईद बिन जैद (रजि.) यांनी आपली जमीन बळकावल्याचा दावा केला. वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे ओझे पडेल, हे प्रेषितांकडून (स.) ऐकलेला मी असे कसे करीन, असे त्यांनी सांगितले आणि वाद न वाढवता ती जमीन सोडून दिली, ती खोटी असेल तर अल्लाह तिला पाहून घेवो, अशी दुआ केली. पुढे ती आंधळी झाली आणि आपल्याच जमिनीतल्या खड्ड्यात पडून मरण पावली. जमिनीच्या वादात पीडित होण्याचे सोंगही घेतले जाते, हे यातून दिसते.

पती-पत्नीच्या बाबतीत शरीअतने पहारा घालण्याची वाट बंद केली आहे. प्रवासाहून परतणाऱ्याने पत्नीची खियानत पकडावी, तिच्या चुका शोधाव्यात अशा हेतूने रात्री अचानक घरी येऊ नये, अशी प्रेषितांची (स.) मनाई आहे. तेव्हा दारावरची थाप होती, आज मोबाइल आहे. झोपलेल्या पत्नीचे बोट लावून फोन उघडणारा पती आणि पतीचे संदेश चोरून वाचणारी पत्नी दोघेही या मनाईत येतात. ठोस कारण समोर आले असेल तर सरळ विचारावे. दोन्ही घरांतून एकेक समंजस माणूस बसवावा, ही कुरआनचीच रीत आहे (सूरह निसा, आयत ३५). विचारण्याआधी हेरगिरी केली, तर खरे सापडले तरी नाते उरत नाही.

विचारण्याचा सर्वांत मोठा धडा हजरत हातिब बिन अबी बलतआ (रजि.) यांच्या प्रसंगात आहे. मक्केवरील मोहिमेची गुप्त बातमी त्यांनी पत्राने कुरैशांना कळवली. पत्र पकडले गेले, पुरावा हाती होता. हजरत उमर (रजि.) यांनी गर्दन उडवण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) मात्र आधी हातिबना विचारले, की हे काय आहे? त्यांनी सांगितले की मक्केत माझ्या घरच्यांना राखणारे कुणी नाही, कुरैशांवर उपकार ठेवावा एवढाच हेतू होता, दीन सोडलेला नाही. प्रेषितांनी (स.) त्यांचे खरे मानले आणि बद्रच्या लढाईतील त्यांच्या सहभागाची आठवण दिली. चूक मोठीच होती, सूरह मुमतहिनाच्या सुरुवातीला तिच्यावर कडक शब्दांत टीकाही आली. पण पत्र हाती असतानाही ऐकून घेतले गेले, आणि माणसाचे आधीचे सारे आयुष्य तराजूत घातले गेले. एका स्क्रीनशॉटवर वीस वर्षांची मैत्री मोडणाऱ्या आपल्या काळाला हे जड जाईल.

खियानत सिद्धच झाली तर? करार एकतर्फी गुपचूप मोडू नये, समोरच्याला उघड सांगून मोडावा, असा नियम सूरह अनफालच्या ५८ व्या आयतीत शत्रूच्या तहाविषयीही दिला आहे. मुखत्यारपत्र रद्द करायचे तर नोंदणी करून रद्द करा आणि भावाला कळवा. हिस्सा हवा तर मागा; मोहल्ल्यातील दोन जाणत्यांसमोर मागा; ऐकले गेले नाही तर न्यायालयाचा रस्ता शरीअतविरोधी नाही. पण ज्याने खियानत केली त्याच्याशी खियानत करू नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्याने जमीन लपवली म्हणून त्याची तुमच्याकडे ठेवलेली सोन्याची पाटली परत न करणे, त्याच्या मुलीचे स्थळ मोडणे, हे बसत नाही. मक्केच्या लोकांनी प्रेषितांच्या (स.) जिवावर उठण्याचा कट केला त्या रात्रीही त्यांच्या ठेवी प्रेषितांकडेच होत्या, आणि त्या परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) तीन दिवस मागे थांबले.

ज्या घरांत वडील अलीकडे वारले आहेत आणि वाटणीचा विषय कोण काढणार याची सगळे वाट पाहत आहेत, त्यांच्यासाठी सहीह बुखारीतील हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या वारशाची हकिकत. लोक त्यांच्याकडे ठेव ठेवायला येत. ते म्हणत, ठेव नको, कर्ज म्हणून देऊन जा, म्हणजे हरवली तर भरून देण्याची जबाबदारी माझी. त्यांच्या मृत्यूनंतर पुत्र हजरत अब्दुल्लाह (रजि.) यांनी देणे मोजले, ते २२ लाख भरले. त्यांनी जमीन विकून सगळे फेडले. इतर वारस वाटणी मागू लागले तेव्हा त्यांनी नकार दिला आणि सलग ४ वर्षे हजच्या मोसमात पुकारा केला, की जुबैर यांच्याकडे कुणाचे काही येणे असेल तर आमच्याकडे यावे. चौथ्या वर्षानंतर वाटणी झाली. मृत्युपत्रातील हिस्सा बाजूला काढल्यावर चारही विधवांना त्यांचा वाटा मोजून देण्यात आला. प्रत्येकीच्या हाती १२ लाख आले.